डोळ्याचा देठ

पामियुतला झाडं नाहीत.
वलयं मोजून वय सांगावं
असं इथे काही उभंच नाही,
विजेचे खांब सोडले तर.

कॉड माशाच्या कानात खडा असतो.
मोडला, भाजला, भिंगाखाली धरला
की वर्षं आपणहून बोलू लागतात.
कोळंबीकडे खडा नाही, खवला नाही.
जे काही टणक, ते सगळं ती
दर खेपेला अंगाबाहेर काढून ठेवते,
मिशा, पाय, पोटाच्या आतलं अस्तरसुद्धा,
आणि मऊ, उघडी,
चिखलात दबा धरून बसते
कुणी खाऊ नये म्हणून.

म्हणून इतकी वर्षं आम्ही लांबीच मोजत आलो,
डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कडेपर्यंत:
तेवीस मिलिमीटर, चोवीस, साडेअठरा.
मग कागदावर उंचवटे काढायचे
आणि म्हणायचं, हा दोन वर्षांचा, हा तीनचा.
पुढे सगळे डोंगर एकमेकांत मिसळतात.
म्हाताऱ्या कोळंब्या एकाच मापाच्या,
चर्चमधल्या पुढच्या बाकावरच्या बायकांसारख्या.

माझी आई त्या बाकावरची. बिरगिथे.
सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहून
तिने किती टन सोललं ते कंपनीला ठाऊक.
वय विचारलं तर म्हणते,
कॉड गेला त्या वर्षी माझे दुधाचे दात पडत होते.
बाकी पाद्र्याच्या वहीत बघ.

आता मिनिक डोळ्याचा देठ कापतो.
देठ म्हणजे केवढा? भाताच्या शिताहून लहान.
राळेत बसवायचा, हिऱ्याच्या पातीने
केसाएवढी चकती काढायची,
घासायची, वर काच.
आणि उजेड आरपार:
फिका, गडद, फिका, गडद.
मी सहा म्हणते, मिनिक पाच.
पहिला तो पट्टा की नुसता ओरखडा
यावर दुपार जाते, चहा गार होतो,
वहीत दोन्ही आकडे लिहितो.

तरी मनाची खात्री पटेना.
टाकीतल्या एकोणतीस कोळंब्या
चुन्याला धरणाऱ्या रंगात बुडवल्या
आणि वाट पाहिली.
अकरा मेल्या.
फेब्रुवारीत एका सकाळी
सात नंबरच्या टाकीत दोन कोळंब्या दिसल्या:
एक रिकामी, काचेसारखी,
डोळ्यांवरच्या टोप्यांसकट पूर्ण;
दुसरी कोपऱ्यात, अंग चोरून.
मला वाटलं, गेला रंग कातीबरोबर.

मार्चअखेर तिला कापलं.
(माफी मागितली नाही. मागायची असते का?)
निळ्या उजेडात, देठाच्या आत,
एक हिरवी रेघ.
रेघेच्या पलीकडे थोडंसं नवं.
टाकीत आली तेव्हा ती नर होती,
कापली तेव्हा मादी होत चालली होती,
एवढं सगळं बदलून
ती रेघ तेवढी तिने टाकली नव्हती.

एका रेघेने काही सिद्ध होत नाही,
मिनिक म्हणाला. खरंय.
सतरा अजून पोहतायत.

रात्री आई टेबलाशी कोळंबी सोलत होती,
अंगठ्याने डोकं उडवायचं, कागदावर टाकायचं,
खाली न बघता.
डोळे फेकू नकोस, मी म्हटलं,
वय त्यांत असतं म्हणे.
तिचा हात थांबला नाही.
जन्मभर फेकत आले की गं, म्हणाली,
किती वर्षं झाली असतील ती?
मी पाद्र्याच्या वहीतला आकडा सांगणार होते.
तेवढ्यात तिने कागदाची पुरचुंडी केली
आणि माझ्या पुढ्यात सरकवली.