सतरा सेकंद

जेल रोडवर, माझ्या टेबलावर
खंडव्याच्या बसची सहावी हार्ड डिस्क.
कानाशी धरली. टक् टक्, मग गप्प.
सुई तबकडीवर घासलेली.

"तीन वर्षांची गॅरंटी होती ना, टेंबे?"
होती. घरात ठेवली असती तर.
भेरूघाट कुठल्या कागदावर लिहिलेला नसतो.
मी बसवलेल्या रबराच्या गुट्ट्या
मे महिन्यातच चिकट झाल्या होत्या.

रात्री दोनपर्यंत बसून एवढंच निघालं :
सिमरोळचा थांबा, रिकामी बस,
ड्रायव्हर भागीरथ कुणाची तरी विसरलेली
एकच चप्पल
झटकून खिडकीशी ठेवतोय.

पुढे सगळं खरवडलेलं.

सकाळी मालकाला म्हटलं, आता बिनतबकडीची घ्या,
तिच्यात हलणारं काही नसतं.
दारात भागीरथ, कमरेला पट्टा :
"मणक्यात बसते का हो ती?"