अर्धा तास

ओली चादर पिळताना मनगट मोडलं.
पडले नाही, कुठं आपटले नाही.
मल्लेशमच्याच मागावरची डबल चादर,
पाण्यानं जड झालेली.
कट् असा आवाज आला,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

सात रस्त्याच्या डॉक्टरीणबाईंनी
मशीनखाली निजवलं, मग कागद पुढं केला.
उणे तीन पूर्णांक एक.
"संधिवातानं सांधे खाल्ले, हाडंही खाल्ली, भूदेवीबाई.
आणि ती छोटी पांढरी गोळी कोण देत होतं?"
मी गप्प.
कोपऱ्यावरचा कंपाउंडर, देवमाणूस वाटायचा.
गोळी गिळली की बोटं वळायची,
हजार विड्या व्हायच्या दिवसाला.
अकरा वर्षं.

मल्लेशमनं एक्स-रे खिडकीशी धरला
आणि बोटानं मोजायला लागला, मागापुढं उभा असल्यासारखा.
"पीक कमी पडलंय," म्हणाला,
"टॉवेल असता तर डागी मालात टाकला असता."
मग जीभ चावली.
रात्री माझ्या ताटातली भाकरी त्यानंच मोडून दिली,
न विचारता.

आता रविवारी सांध्यांची गोळी,
मग सहा दिवस तिचं नाव काढायचं नाही.
बुधवारी हाडांची.
उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर.
चहा नाही. कॅल्शियम नंतर.
अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचंही नाही.

वाकायचं नाही?
बाई, मांडीवर सूप घेऊन
मी सरळ कधी बसले होते?

कुंभारीच्या घरकुलात, दारात,
प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसते बुधवारी.
भिजवलेली पानं फडक्यात, कात्री, दोरा,
सगळं समोर. हात लावायचा नाही असं काही
डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या.
पण वाकल्याशिवाय विडी होत नाही.
अंगठा मात्र ऐकत नाही,
मांडीवर रिकामंच काहीतरी वळत राहतो.

"वदिना, आज सुट्टी?" राजमणी विचारते,
डोक्यावर पाटी.
"औषध घेतेय," मी म्हणते.
ती माझ्या हातांकडं बघते, पेला शोधते.
पेला तर मघाच पालथा घातलाय.

जुनी वीण भरून येईलच असं नाही, बाई म्हणाल्या,
उसवणं थांबलं तरी पुष्कळ.

अर्धा तास झाला.
चहा उकळतोय, कारखान्याची गाडी दहाला येते,
कालच्या विड्या अजून बांधायच्यात.
बसलेय अजून.