पुसण्याची विनंती

चोडणला, फेरीच्या धक्क्यापासून तिसरं घर.
मागच्या खोलीत पूर्वी काजूबिया वाळत,
आता तिथं इन्व्हर्टरवर एक डबा घरघरतो.
हवेत खार, म्हणून रोज फडक्यानं पुसावा लागतो.
पाचशे बावीस माणसं राहतात त्यात:
फेरी बंद आहे का, कुणाची म्हैस दिसली का,
आवेलिनोच्या पुतणीचं लग्न पुढं ढकललंय.

आधी हे सगळं परक्याच्या अंगणात चालायचं.
एका रात्री त्यानं फाटक लावून घेतलं.
कारण विचारायला दार नव्हतं, नुसतं एक बटण होतं
आणि ते दाबलं की दुसरं बटण.

मग बसलो आम्ही: मी, सावईवेऱ्याची सुलक्षा,
काणकोणचे वेळीप मास्तर,
निरोप कसा लिहायचा ते ठरवायला.
कुणी, कुणाला, केव्हा,
आणि खाली सही, जी दुसऱ्याला साधणार नाही.
एवढं पाळलं की डबा कुणाचा का असेना.
मानशीचं दार पाण्याला गाव विचारत नाही,
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं,
आणि ते कुणी ठरवलं, आज कुणालाच आठवत नाही.

भांडण झालं एकाच शब्दावर, तीन रात्री.
'पूस' हा हुकूम, की विनंती?
सुलक्षा म्हणाली, हुकूम. माझं ते माझं.
मी म्हटलं, दुसऱ्याच्या घरात पोचलेलं पत्र
आपण इथून कसं फाडणार?
फार तर सांगायचं, फाडशील का.
मास्तर बराच वेळ फोनवर खोकत राहिले.
मग म्हणाले, विनंती लिहा.
पण क्रम मोडायचा नाही.
आधी निघालं ते आधी पोचेल.

तसं लिहिलं. चौदा गावांनी उचललं.

फेब्रुवारीत खाजनाचा बांध फुटला,
शेतात खारं पाणी शिरलं, आणि मी रात्री दोनला
सगळ्यांदेखत शाबाला,
माझ्या सख्ख्या चुलतभावाला,
बांधाचे पैसे खाल्लेला कुत्रा म्हटलं.
सकाळी पुसलं.
तेरा गावांनी ऐकलं, निमूट.
काणकोणात चार दिवस वीज नव्हती.
शाबा तिथंच असतो, मास्तरांच्या डब्यावर.

चार दिवस मी डब्यासमोर बसून होतो.
रांगेत दोन निरोप थांबलेले,
आधीचा आधी, नंतरचा नंतर.
मधे हात घालता आला असता मला.
किल्ली माझ्याचकडे होती.
सुलक्षाला फोन लावला, उचलायच्या आत ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी शाबाचा फोन.
"शिवी पोचली," म्हणाला.
मागं कुठंतरी पंप चालू होता.
"मग तुझं दुसरं आलं. पुसशील का, म्हणून."
पंप.
"पुसली."

मी काही बोललो नाही.
"बांधाला माती किती होड्या लागेल?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, बघून सांगतो.