ठिपका

चिलोएच्या बेटाबेटांतून दात बघत फिरणारी आमची बोट.
नाव पासिएन्सिया, म्हणजे धीर.
इंजिन बंद झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही,
हा दोन्या क्लोरिंदांचा नियम
मी पहिल्याच दिवशी मोडला.
दाढेच्या जागी धुकं आलं.
त्यांनी फिल्म उजेडाला धरली, म्हणाल्या,
"समुद्र मात्र छान आलाय."

डार्करूम म्हणजे बोटीचा संडास.
खिडकीला काळं रबर, तांबडा दिवा,
डेव्हलपरचं तसराळं लाटेबरोबर डुचमळायचं
आणि त्यांची नखं कायमची तपकिरी.

कोन त्यांनी मला धक्क्यावर उभं करून शिकवला.
"सावली बघ तुझी.
सूर्य खाली असला की तू ताडमाड,
डोक्यावर आला की बुटका.
नळीचंही तेच.
खाली धरलीस तर सुळ्याचं मूळ लांबतच जातं,
वर चढवलीस तर सुळा खुंटतो.
दात आणि फिल्म यांच्यातला कोन मनात मधोमध चीर,
त्या चिरेवर नळी काटकोनात धर.
मग दात आहे तेवढाच दिसेल. जास्त नको, कमी नको."

मग चर्चच्या कुंपणापाशी नेलं.
समोरून बघितलं तर फळीफळीत फट,
तिरकं बघितलं तर सगळं कुंपण एकच फळी.
"कीड फटीत बसते, पोरी.
फटच दिसली नाही
तर एवढा समुद्र तुडवत आलो कशाला?"

अनाक्लेतो चिग्वाय, शिंपले काढणारा म्हातारा पाणबुड्या,
वीस हात खोल जाणारा,
टाळूला फिल्म लागली की ओकारी काढायचा.
त्यांनी त्याच्या जिभेच्या शेंड्यावर मीठ ठेवलं,
उजव्या पायाचा अंगठा वर धरायला सांगितला,
"नाकानं श्वास घे. पाण्याखाली नाही का दम धरत?"
तो हसला, आणि जमलं.
पण वरच्या दाढेवर पांढरी चंद्रकोर उमटली:
चष्मा. काढून घ्यायचा मी विसरले होते.

मी दुसरी फिल्म उघडायला लागले तशी
त्यांनी माझं मनगट धरलं.
"फिल्म स्वस्त आहे.
त्याच्या अंगातून गेलेलं मात्र परत काढून घेता येत नाही.
आधी सगळं बघ. मग बटण."

आणि ठिपका.
प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात एक फुगवटा,
तांदळाच्या कणीएवढा,
डोळ्याला चुकतो, बोटाला सापडतो.
"काढताना नळीकडे, बघताना तुझ्याकडे."
प्रत्येक बेटावर, प्रत्येक माणसापाशी, तेच वाक्य.
मला कंटाळा आला होता. मी तोंडावर बोललेही.

त्यानंतर अलाओला रोसाउरा नाउएलकिन आली,
धुरावलेल्या शिंपल्यांची माळ घेऊन.
दोन्ही बाजूंना खालच्या दाढेची जागा रिकामी.
ती पुढच्या दातांनी सशासारखी चावते,
बेटावर सगळ्यांना माहीत आहे.
चौदाची होती तेव्हा.
वरून दोन्ही दाढा धडधाकट दिसायच्या,
कीड फक्त फिल्मवर होती,
आणि फिल्म पालथी लावलेली.
डॉक्टरांनी आरशातली दाढ उपटली.
मग महिन्याभरानं खरी.

हे मला रोसाउरानंच सांगितलं, हसत हसत.
दोन्या क्लोरिंदा तेव्हा ॲप्रन घडी करत होत्या,
शिशाचा ॲप्रन, ज्याची कधीच घडी करायची नसते,
घडीवर तडा जातो, असं त्याच सांगायच्या.

त्या दिवशी तिचा फोटो मला काढायला लावला.
इंजिन बंद. कानातलं काढलेलं. गळ्याला शिशाची पट्टी.
"ठिपका?"
"नळीकडे."
"पुन्हा बोट लावून बघ."
लावलं.
रोसाउरा फिल्म चावलेल्या तोंडानं
काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही.
त्यांना कळलं असावं.
फिल्म धुऊन मी बाहेर आले,
ओली, निथळती, दात आहे तेवढाच,
तर त्या धक्क्याला बांधलेला दोर
सोडून पुन्हा बांधत होत्या.
चांगला बांधलेला होता आधीच.