सतरावी होडी

खिडकी पुन्हा उघडते: नवी आवृत्ती आली आहे.
दोन बटणं. आत्ता. नंतर.
अकरा वर्षं मी 'नंतर' दाबतेय.

कोत्काच्या बंदरात बर्फ फुटायचा आहे,
शेडमध्ये सतरावी होडी उघड्या फासळ्यांनी उभी
आणि हा म्हातारा संगणक
घरघरत तिची कड सांभाळतो.

याल्मारी म्हणतो, रायली, नव्यात
एक रेघ ओढली की फळ्या आपोआप पडतात,
फक्त दरमहा भाडं.
भाडं? माझ्याच रेघेचं?
पण तो चुकीचं बोलत नाही.
गेल्या आठवड्यात माझी फाइल गिरणीत उघडलीच नाही,
तिथल्या मुलीने फोनवर विचारलं,
"हे कुठल्या काळातलं?"

रात्री एकटीने चाचणीची प्रत लावली.
नवव्या होडीचं चित्र उघडलं: सगळं जागच्या जागी,
फक्त नाळेजवळचा बाक
तीन मिलिमीटर सपाट.
पाण्याला तीन मिलिमीटर कळतात.
(मलाही कळले, याचं जरा बरं वाटलं.)

तेव्हा आर्वो आठवला.
लवचीक लाकडी पट्टी, शिशाची वजनं,
जमिनीवर गुडघे टेकून रेघ काढायचा.
मी पंचविशीतली. पडदा त्याच्याकडे वळवला
आणि हसले.
तो काहीच बोलला नाही,
पट्टी पुसून खिळ्याला टांगली.

सकाळी याल्मारीला म्हटलं, घे. तुझ्या टेबलावर.
हा इथेच राहील, इंटरनेटची वायर काढून,
सतरावीला पाणी लागेपर्यंत.
"आणि अठरावी?"

मी भिंत चाचपतेय.
खिळा आहे.