शेवटच्या थेंबापाशी

आवाजच चुकीचा आला.
बरगडीत बाण बसला की सुकी फांदी मोडते;
हा ओल्या भोपळ्यावर थाप मारल्यासारखा.
मादी उधळली नाही.
दोन उड्या, मग पाठीची कमान करून
शेपूट खाली घालून
मक्याच्या कडेकडेनं चालत गेली,
पोटात कळ आलेल्या बाईसारखी, कुणाला न सांगता.

ओकवरच्या मचाणात अर्धा तास बसून राहिलो.
शाळेची बस चालवणाऱ्याला थांबायची सवय असते.
मग उतरलो. बाण आरपार जाऊन पाचोळ्यात रुतलेला.
नाकाशी नेला.

गुलाबी फेस असता तर तासाभरात मिळाली असती.
काळपट लाल असतं तर काळीज, म्हणजे चार तास.
पिसांना हिरवट चोथा लागला होता, अन् वास
आठवडाभर न धुतलेल्या डब्याचा.
खाली केस: लांब, पांढरे, पोटाचे.
सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं.
मीच ते दोनदा वाचलं.

घरी आर्डिसनं विचारलं, कुठे लागला?
मी कुत्र्याच्या कुशीवर बोट ठेवलं.
"खरं सांग."
बोट चार अंगुळं मागे सरकवलं.
कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

सकाळपर्यंत जायचं नाही, हे मलाही ठाऊक.
मागे लागलं की ती उठते,
उठली की टेकडी ओलांडते,
मग कायोटींखेरीज कुणालाच सापडत नाही.
बसू दिलं तर बसल्या जागी विझते.
म्हणून मी रात्रभर तिला बसू दिलं.
जेवलो. उद्याचे मोजे काढून ठेवले.
दोन वाजता टेकडीमागे कायोटी ओरडले
आणि मी कूस बदलली.

गवतावर दव गोठलेलं.
पहिल्या थेंबाशी केशरी पट्टी बांधली.
दुसरा अकरा पावलांवर. तिसरा पानाच्या खालच्या अंगाला.
मग जमिनीवर काहीच नाही,
पण गोल्डनरॉडच्या वाळक्या दांड्यांवर, गुडघ्याच्या वर,
पुसल्यासारखं काही. जखमेची उंची.
मागे वळून पाहिलं तर पट्ट्या अशा ओळीत,
की कुणी ठरवून केलेला प्रवास वाटावा.

शेवटची पट्टी कुंपणाच्या तारेला.
काट्यावर तीन केस.
पलीकडे हाल्वर स्कोगेनची जमीन.
नाल्यातल्या एका पाइपावरून
चौदा वर्षं आमचं बोलणं नाही.
त्याची नात माझ्याच बसमध्ये चढते;
ती हात हलवते, तो पत्रपेटीकडे बघतो.

दार त्यानंच उघडलं. हातात टोस्ट.
मी म्हटलं, मागे लागलाय. पोटात.
त्यानं टोस्ट कोटाच्या खिशात कोंबला
अन् बूट चढवायला खाली बसला.
"शेवटचा थेंब कुठे?"

खालच्या तारेवर पाय देऊन
वरची त्यानं उचलून धरली. मी वाकून गेलो.
पाइप वाटेतच होता. ओलांडला.

मग तो गुडघ्यांवर आला, सत्तरीचा माणूस.
मेपलच्या प्रत्येक पानावर लाल ठिपके,
मला सगळेच रक्ताचे.
तो थुंकी लावलेल्या बोटानं एकेक घासायचा.
"रोग."
"रोग."
"हा तिचा."

दाबलेलं गवत: इथं बसली होती.
वीस पावलांवर पुन्हा.
मग तिसऱ्यांदा, ओढ्याच्या उतारावर.
मागे कुणीही गेलेलं नव्हतं,
तरी तीनदा उठली होती.

पाण्याकडे तोंड करून पडलेली.
हाल्वरनं काटकीनं डोळ्याला स्पर्श केला. काही हललं नाही.
मग त्यानं तिच्या मांडीच्या आत तळहात ठेवला,
ठेवूनच बसला.
"रात्रीच गेली असेल," म्हणाला. "लवकर."

मीही तिथंच हात ठेवला.
ऊब होती अजून,
नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीएवढी.

"हो," मी म्हटलं. "लवकरच."

त्यानं पुढचे पाय धरले,
मी मागचे.