खालून काठी

तिब्लिसीत आमचं ऑफिस
एका भट्टीच्या माथ्यावर.
चौघे आम्ही, खुर्च्या तीन,
आणि एक ॲप: गल्लीतल्या कुठल्या भट्टीतून
शोती कधी निघणार, ते सांगणारं.

खाली नातेला पाव काढते
आणि लांब काठीने छताला ठोकते.
दोनदा.
आम्ही जिना उतरतो.
फोनवर सूचना येते चार मिनिटांनी,
तोवर पावाचं टोक पोटात.

ती चार मिनिटं शोधण्यात माझा हिवाळा गेला.
नुक्रीच्या जुन्या कोडमध्ये एक ओळ सापडली:
इथे थांब. का ते विचारू नकोस.
नुक्री मार्चमध्ये सोडून गेला,
दोन पगार आमच्याकडेच थकलेले.
आता खुर्च्या पुरतात.

फोन केला. म्हणाला,
अरे, ताजा पाव हात भाजतो,
लोकांनी जरा दमानं यावं.

ओळ मी काढली नाही.

शुक्रवारी झुराबने हिशेब मांडला:
सर्व्हरपुरते पैसे जूनपर्यंत आहेत,
आपल्यापुरते नाहीत.
तमता पडद्याकडे बघत राहिली,
तिथे काहीच चालू नव्हतं.

तेवढ्यात पायाखाली ठक्, ठक्.
तिघेही उठलो, सवयीने.
नातेलाच्या वहीत आमच्या नावावर
सतरा पाव.
आज अठरा.